‘चार दिवस सासूचे’ला एवढं कशाला लाजायचं?

रोहिणी हट्टंगडी यांची व्यासपीठावर ओळख करून देताना सूत्रसंचालक काय बोलणार, हे मला आता पाठ झालंय. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, इब्राहिम अल्काझींच्या विद्यार्थिनी. मग ‘गांधी’तल्या कस्तुरबा आणि बाफ्टा पुरस्कार. मग ‘अर्थ’, ‘सारांश’. मग जरा पडेल आवाजात, “तसंच त्यांनी काही मालिकांमध्येही काम केलंय”, आणि गाडी थेट ‘चारचौघी’ नाटकावर.

त्या अर्ध्या वाक्यात अकरा वर्षं उरकली जातात. मला हे पटत नाही.

हट्टंगडी जिच्यात आशा देशमुख ही सासू होत्या, ती ‘चार दिवस सासूचे’ मालिका ईटीव्ही मराठीवर २००१च्या अखेरीला सुरू झाली आणि २०१३च्या सुरुवातीला संपली. तीन हजारांवर भाग. जाहिराती वगळून एक भाग बावीस मिनिटांचा धरला, तर अकराशे तास होतात. ‘गांधी’ सव्वातीन तासांचा आहे. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास ‘गांधी’! आशा देशमुख काही प्रत्येक प्रसंगात नव्हती. निम्मे सोडा, पाऊण सोडा. तरी जे उरतं तेवढं काम किती नटांनी एका भूमिकेत केलंय?

मी हौशी रंगभूमीवरचा माणूस. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही महिना-दीड महिना तालमी करतो आणि नाटक नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात उभं करतो. शेवटचा प्रवेश ठाऊक असतो, म्हणून पहिल्या अंकात किती राखून ठेवायचं ते ठरवता येतं. मालिकेत शेवट लेखकालाच ठाऊक नसतो. टीआरपीचे आकडे येतात आणि ट्रॅक वळतो. सहा महिने ज्याला तुम्ही घरचा भला माणूस म्हणून वागवलंत, तो पुढच्या सोमवारी कारस्थानी निघतो. तुम्ही त्याच्याकडे मायेने पाहिलेलं सगळं लोकांनी आधीच पाहिलेलं असतं, ते काही परत घेता येत नाही. आता तीच बाई, तोच स्वभाव ठेवून, हा नवा राग खरा करून दाखवा.

सेटवरची तऱ्हा वेगळीच. बारा तासांची शिफ्ट. सीनचे कागद कधी कधी मेकअपच्या खुर्चीतच हातात पडतात. दिवाणखाना लागला की दिवाणखान्यातले चार भागांचे सीन एका दमात उरकायचे. त्यामुळे सकाळी रडून घ्यायचं, आणि ज्या भांडणामुळे रडलो ते भांडण जेवणानंतर. मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, झाला की एकेकाचे क्लोजअप. समोरचा नट दुसऱ्या शूटिंगला पळालेला असेल, तर कुणीतरी असिस्टंट त्याची वाक्यं बातम्या वाचल्यासारखी वाचतो. त्याच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणायचं. भागांची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला साठा, संपली असेल तर आजचं शूट उद्या-परवा लोकांच्या घरात. दुसरी संधी नाही, आणि पुढच्या प्रयोगात सुधारू म्हणायला पुढचा प्रयोगही नाही.

अल्काझींच्या शिस्तीत घडलेल्या नटीची खरी परीक्षा इथे झाली, असं माझं मत आहे. ‘गांधी’च्या वेळी पटकथा होती, तयारीला वेळ होता, ॲटनबरोंसारखा दिग्दर्शक होता. इथे शिक्षण, आवाज आणि दम, एवढ्याच भांडवलावर रोज उभं राहायचं होतं.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. सिनेमाने या बाईला काय दिलं? तिशीच्या आसपास होत्या तेव्हा ‘सारांश’मध्ये म्हातारी केलं. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभच्या आई झाल्या. अमिताभ त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे! फिल्मफेअर मिळालं, पण सहायक अभिनेत्रीचं. पन्नाशीतल्या बाईच्या भोवती सगळी गोष्ट फिरते आणि तिने हो म्हटल्याशिवाय घरात पान हलत नाही, हे त्यांना टीव्हीने दिलं. नाक मुरडण्याआधी आमच्या नाटकवाल्यांनी आठवून बघावं, त्या वर्षांत पन्नाशीतल्या बाईला मध्यभागी ठेवून आपण किती नाटकं केली.

मालिका चांगली होती का? सुरुवातीला होती. पुढे पुढे दळण झालं, हे मीही म्हणतो. तेच गैरसमज, दाराआडून ऐकलेलं अर्धवट बोलणं, एका लग्नाला लागणारे महिने. पण त्या दळणातही आशा देशमुख आशा देशमुखच राहिली. लेखन पातळ झालं की नट ओरडायला लागतो, हा स्पर्धेतला नेहमीचा अनुभव. हट्टंगडी ओरडल्या नाहीत.

नाशिकपुरतं सांगायचं तर, मालिका सुरू झाली आणि इथे २००३चा सिंहस्थ होऊन गेला. २००८च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं. भारनियमनाच्या वेळा तर सारख्या बदलायच्या. आमच्या कॉलनीत ज्यांच्याकडे इन्व्हर्टर, त्यांच्याकडे संध्याकाळी बायकांची गर्दी. आई तिथे मुक्कामालाच असायची. मी तेव्हा फार शहाणा होतो, ‘प्रायोगिक’ वगैरे, त्यामुळे दुसऱ्या खोलीत बसून ऐकायचो.

आजही साईखेडकरच्या बाहेर चहा पिताना कुणा जुन्या सोबत्याचा विषय निघाला, की उत्तर येतं, “तो? तो काय, मालिका करतो.” पंचवटी एक्स्प्रेसने ऑडिशनला जाणारी पोरंही हे खाली मान घालून सांगतात. का म्हणून? पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात, तेही बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांनी. सुट्टीचा भरवसा नाही. एवढं सोसून वर हे ऐकायचं. चिन्मय उदगीरकर नाशिकचाच, त्याला महाराष्ट्राने ओळखलं ते मालिकांमुळेच.

‘चार दिवस’ संपली त्याच वर्षी हट्टंगडी ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आईआजी होऊन पुन्हा रोज दिसायला लागल्या. २०२२ला ‘चारचौघी’ नव्याने आलं. २०२३ला ‘बाईपण भारी देवा’, आणि बायका साड्या नेसून, गॉगल लावून घोळक्याने थिएटरात. हा प्रेक्षक अचानक कुठून उगवला म्हणून भलेभले चकित झाले. मी झालो नाही. यातल्या कितीजणी त्या इन्व्हर्टरवाल्या घरांत बसलेल्या होत्या!

त्याच २०२३ मध्ये कविता मेढेकर ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये भुवनेश्वरी झाल्या. म्हणजे ‘चार दिवस’मधली आशाची सून अनुराधा, आता स्वतःच सासू. आमच्या घरी यावरून अजून वाद आहे. आई म्हणते, आशाची सर नाही. मी म्हणतो, अकरा वर्षं रोज आशासमोर उभी राहिलेली बाई आहे ती, तिचं थांबणं बघ, वाक्य टाकण्याआधी नजर कुठे ठेवते ते बघ, हे कुठल्या शिबिरात शिकायला मिळतं? आईला हे अर्धंच पटलंय.