पंचाहत्तर, साठ आणि आबांचं शेततळं

लातुरात राहून रेसची कनू, म्हणजे शर्यतीची लांब निमुळती होडी, बनवायला घेतली म्हणलं की समोरचा आधी हसतो आणि मग २०१६ ची रेल्वे काढतो. मिरजेहून वॅगनमधून पाणी आणावं लागलं त्या गावात तू होडी कशात चालवणार, हे विचारायला फार डोकं लागत नाही, म्हणून मी त्याचं उत्तर द्यायचं सोडून दिलंय. खरा अवघड प्रश्न कुणी विचारतच नाही. रुंदी किती ठेवायची?

लांबीचं काही भांडण नाही. एकट्यानं वल्हवायच्या रेसच्या कनूला जास्तीत जास्त ५.२० मीटर लांबी चालते, आणि होडी पुढं सरकताना स्वतःच लाट उठवते आणि एका वेगानंतर त्याच लाटेचा चढ तिला नडायला लागतो, ५.२० मीटरला हा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच्यापुढं जायचं तर अंग बारीक पाहिजे. (होडीचं. हे मी जेवताना बोललो तेव्हा घरचे सगळे माझ्या पोटाकडं बघायले होते.)

पण बारीक केली की तोल जातो, आणि थोडाथोडका नाही. तोलाचा हिशोब रुंदीच्या घनात चालतो, म्हणजे पाण्याला टेकते तिथं ७५ सेंटिमीटरची ६० केली, नुसती वीस टक्के कापली, तर कलल्यावर रुंदीच्या जिवावर होडीला सरळ करणारा जोर डायरेक्ट निम्म्यावर येतो. त्यात ह्या रेसच्या कनूत मांडी घालून बसायचं नसतं, एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा, सगळं वजन वर, आणि वल्हं एकाच बाजूला. सुकाणू नाही. एका बाजूला वल्हवूनसुद्धा होडी नाकासमोर चालवायची, त्यासाठी प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी मनगट वळवून पातं बाहेर रेटायचं. हे ज्यानं शोधलं त्याच्या घरी भरपूर पाणी आणि रिकामा वेळ असणार.

पूर्वी नियमच होता की कनू ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद नको. मग बनवणाऱ्यांनी काय केलं, तर ७५ दाखवायची वर, पाण्याच्या बाहेर, पंख काढल्यासारखी, आणि खाली पाण्यात जिथं खरी गरज तिथं निमुळती. टेप लावणारा खुश आणि वल्हवणाराही. शेवटी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकनंतर तो नियमच काढून टाकला. मला हे वाचून इतकं आपलंसं वाटलं की काय सांगू, हे लोक नक्की आपल्या जिल्ह्यातले पाव्हणे असणार.

मिस्त्रीला मात्र ह्यातलं काही पटलं नाही. मी ४ एमएमचं मरीन प्लाय मागितलं तर तो माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायला. "सर, १९ टाका की. जलमभर हलायचं नाही." (लातुरात शर्ट इन केलेला प्रत्येक माणूस सर असतो.) मी म्हणलं मिस्त्री, हलायलाच पाहिजे, होडी आहे. तर म्हणे हलायचीच तर मग बनवायलाव कशाला. वरून आठ फुटी शीट दोन जोडली तरी कनूला फूटभर कमी पडतं, म्हणजे तिसरी शीट आली, आणि सांध्याला तिरका लांब उतार घासून चिकटवायचं म्हणल्यावर त्यानं दिवसाची हजेरी वाढवली. चूक त्याची नाही. दोन दिवसांनी कुणीतरी रस्त्यावरून विचारलं तर तो सरळ "गव्हाण आहे सरांची" म्हणून मोकळा झाला.

आणि इपॉक्सी, म्हणजे सांध्याला लावायचा, कालवून घट्ट होणारा डिंक! हे प्रकरण थंड देशात ठीक असेल, दर दहा डिग्रीला त्याचं घट्ट होणं साधारण दुप्पट जोरात होतं, आणि आपल्याकडं मे महिना. खोल डब्यात कालवलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि ब्रश आत उभा राहतो तो कायमचाच. म्हणून पहाटे उठायचं, पसरट ताटलीत थोडं थोडं घ्यायचं. ताटली कुठली घेतली हा विषय घरात अजून मिटलेला नाही.

रुंदी शेवटी मधली ठरली. बायकोचं मत ७५ च्या वर, पुतण्याचं ६० च्या खाली, मिस्त्री म्हणला तुमचं ठरलं की सांगा.

मांजरा धरणावर एकदम कशाला जायचं म्हणून पहिली ट्रायल आबांच्या शेततळ्यात. तीस बाय तीस मीटर, खाली ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, आणि आबा काठावर उभे, माझ्या जिवापेक्षा कागदाची काळजी जास्त. "टोक घासलं तर कागद फाटंल बघ." त्यांचंही बरोबर आहे, ओल्या कागदावरून माणूस वर येत नाही, म्हणून मला लाईफ जॅकेट आणि कमरेला दोरी, दोरी पुतण्याच्या हातात. कनू तरली. थरथरत होती पण तरली, आणि पाच-सहा वल्ह्यांत जी काय सुटली म्हणता, मला वाटलं आता खरी मजा, तेवढ्यात समोरचा काठ! सरळ पळण्यासाठी बनवलेली होडी वळत नाही हे मला माहीत होतं, शेततळ्याला माहीत नव्हतं. पुतण्यानं दोरी खेचली, मी थांबलो, कनू पुढं गेली.

मला ओढून वर काढल्यावर आबा बराच वेळ तळ्याच्या मध्याकडं बघत होते, तिथं त्यांच्या मोटरीचा फुटबॉल (फूटव्हॉल्व्ह, पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाचा) ड्रमला बांधून तरंगत असतो आणि दर पंधरवड्याला शेवाळानं चोंदतो.

"पळती लई," आबा म्हणले, "पण दुसरी बनवशील तेव्हा चार फूट रुंद कर. मी, गडी आन् पाना-पकडीची पेटी बसली पाहिजे."