बेदाणा खा, गोळी सोडा? जरा थांबा

सध्या सांगली-तासगाव भागात व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: बेदाण्यात फ्लेव्होनॉइड (वनस्पतींमधली नैसर्गिक रसायनं) असतात, ते अँटिऑक्सिडंट (पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारे) असतात, मूठभर बेदाणे रात्री भिजवा, सकाळी पाण्यासकट घ्या, भिजवल्यावर साखर निघून जाते, 21 दिवसांत शुगर नॉर्मल, मधुमेहाची गोळी बंद. खाली ‘अमेरिकेत सिद्ध’. माल आपल्याच भागातला, त्यामुळे पुढे ढकलताना कुणाचा हात अडखळत नाही.

‘साखर निघून जाते.’ जाते कुठे? पाण्यात. आणि तेच पाणी प्यायला सांगितलंय! साधारण चार किलो द्राक्षं शेडमध्ये वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो. उडतं ते पाणी, साखर जागेवरच राहते. तीसेक ग्रॅमच्या मुठीत चार चमचे तरी साखर असते. त्यातली निम्मी फ्रुक्टोज, म्हणून ग्लुकोमीटरवरची उडी वाटते तेवढी मोठी नसते, हेही खरं.

‘अँथोसायनिन भरपूर.’ फोटोत मात्र हिरवा बेदाणा! अँथोसायनिन हा काळ्या-जांभळ्या सालीचा रंग. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या हिरव्या मण्यात तो शोधू नका.

‘अँटिऑक्सिडंट असल्यामुळे गुण येतो.’ मेसेजचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे. रक्तात साखर वाढली की पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, इथपर्यंत बरोबर. पण फ्लेव्होनॉइड आतड्यातून फार थोडे शोषले जातात आणि यकृत त्यांचं रूप लगेच बदलतं. परीक्षानळीत ज्या प्रमाणात ते प्रभावी दिसतात, तेवढे रक्तात पोचतच नाहीत. पदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद आकड्यात मांडणारी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या तो आकडा जाहिरातीसाठी वापरत होत्या.

खरी गंमत पुढे आहे. याच फ्लेव्होनॉइडच्या कुळातल्या एका रेणूपासून मधुमेहाचं औषध खरंच निघालं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. त्याने लघवीतून साखर बाहेर पडते. पण पोटात घेतलं की ते आतड्यातच तुटतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली. त्या वाटेने आलेली डापाग्लिफ्लोझिन ही गोळी आज सांगलीतल्या मेडिकलमध्ये मिळते. ती मूत्रपिंडात साखर परत शोषणारं प्रथिन अडवते. अँटिऑक्सिडंटपणाचा तिथे काही संबंध नाही.

‘अमेरिकेत सिद्ध.’ बहुधा 2013 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासाचा हा अपभ्रंश. अमेरिकेतल्या सुमारे 1.87 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं नजर ठेवली. आठवड्यातून तीनदा द्राक्षं किंवा बेदाणे खाण्यामागे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका सुमारे 12 टक्क्यांनी कमी दिसला. फळांच्या रसाबाबत तो वाढलेला दिसला. पण ही सगळी माणसं सुरुवातीला मधुमेह नसलेली होती आणि हा फक्त निरीक्षणातून दिसलेला संबंध. झालेला आजार बेदाण्याने बरा होतो, असं त्यात कुठेच नाही.

राहिली गोळी. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. 21 दिवसांत ‘शुगर गेली’ हे त्यावरून ठरत नाही. टाइप 1 मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असलेल्या पोराचं इन्सुलिन असल्या मेसेजवर बंद केलं, तर काही दिवसांतच कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जिवावर बेततं. बेदाणा आवडतो? डॉक्टरांना विचारून दहा-बारा दाणे मोजून घ्या, जेवणातला तेवढा गोडवा कमी करा आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून बघा.