मुंगीचे पाय कुठून निघतात?

लहान मुलांसाठीचं निसर्गावरचं चित्रपुस्तक हातात आलं की मी मजकुराकडे नंतर वळते. आधी त्यात मुंगी शोधते आणि तिचे पाय बघते. मुंगीला सहा पाय असतात, हे चित्रकारांना ठाऊक असतं. पण ते सगळेच्या सगळे शरीराच्या मधल्या भागातून, वक्षातून निघतात. चित्रांत मात्र मागचे दोन पाय खुशाल पोटाला जोडलेले दिसतात.

एवढ्याने काय बिघडतं, लहान मुलांचंच तर पुस्तक आहे, असं लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला अजून अक्षरं येत नाहीत ते मूल चित्रच वाचत असतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने. आपण ओळ संपवून पान उलटायच्या बेतात असतो, तेव्हा ते कोपऱ्यातल्या गोगलगाईवर बोट ठेवून बसलेलं असतं. चित्र खरं असेल, तर भिंतीवरची मुंगी दिसल्यावर ते मूल वाकून बघतं, ताडून बघतं. तिथूनच विज्ञान सुरू होतं.

चंद्राचंच घ्या. कोरीच्या पोटात चमकणारी चांदणी आपण सगळ्यांनी पुस्तकांत पाहिली आहे. पण कोरीच्या आतला काळा भागही चंद्रच आहे; फक्त तिथे ऊन पोचलेलं नाही. त्याच्या आरपार मागची चांदणी दिसणार कशी? अमावास्येनंतरच्या दोन-तीन संध्याकाळी नीट पाहिलं तर तो उरलेला गोल अंधूक दिसतोही, कारण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडलेला असतो. चित्रकाराने तेवढाच भाग पुसट राखाडी रंगवला आणि खाली एक शब्दही लिहिला नाही, तर मूल आपणहून विचारेल, ‘हे काय आहे?’ मला असं पान हवं असतं.

अशी चित्रं काढायला आधी बघावं लागतं. मारिया सिबिला मेरियन ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार लहानपणापासून रेशमाचे किडे पाळून त्यांच्याकडे बघत बसायची. किडे चिखलातून आपोआप जन्मतात, असं तेव्हा पुष्कळ लोक मानत. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. १७०५ साली तिचं पुस्तक आलं. त्यात अळी, कोष आणि पंखवाला कीटक एकाच पानावर, आणि तेही ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर. कोण कशातून येतं आणि कशावर जगतं, हे न वाचताच कळतं. तीनशे वर्षांनंतरही मला याहून चांगली मांडणी सुचत नाही.

याउलट माहितीचे चौकोन ठासून भरलेली पुस्तकं. ‘निळा देवमासा ३० मीटरपर्यंत लांब असतो’ या वाक्याने पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. तोच देवमासा पानामागून पान उलटलं तरी संपत नाही, आणि शेजारी अंगठ्याएवढा माणूस पोहतो आहे, असं दाखवा. मूल पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतं.

आणि मोठ्यांनी वाचताना परीक्षा घेऊ नये. ‘हा कोणता प्राणी? रंग कोणता?’ या माऱ्यापुढे चांगलं पुस्तकही हरतं. मुलाने प्रश्न विचारला की लगेच उत्तर देण्यापेक्षा ‘चल, बघू या’ म्हणावं.

प्रकाशकांकडे माझं एकच मागणं आहे: कीटकांचं पुस्तक काढताना चित्रकाराला भिंग द्या, वेळ द्या, आणि छापण्याआधी ती पानं कीटकांच्या अभ्यासकाला दाखवा. तुमच्या मुलांनी पुस्तकांतल्या चित्रांत काही चुका पकडल्या असतील तर मला जरूर कळवा. मी त्या एकत्र करून प्रकाशकांना पाठवणार आहे.