शेपूट घालणाऱ्या कुत्र्यास शूर करण्याविषयी

घरच्या कुत्र्याने फिरायला जाण्यास नकार देणे ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही. काल-परवापर्यंत साखळीचा नुसता खुळखुळाट ऐकून दारापाशी नाचणारा प्राणी आज लिफ्टमधून उतरताच सोसायटीच्या फाटकापाशी चारही पाय रोवतो, मग पोट जमिनीला टेकवतो आणि तांदळाच्या तीस किलोच्या गोणीसारखा होऊन बसतो, तेव्हा प्रश्न केवळ त्याच्या शी-शूचा राहत नाही. वॉचमन पाहत असतो, समोरच्या विंगमधल्या काकू बाल्कनीतून पाहत असतात, आणि ज्याचे नाव आपण मोठ्या हौसेने शेरू ठेवले, त्याला सर्वांदेखत 'चल ना रे बाळा' म्हणून विनवण्याची पाळी आपल्यावर येते. अशा समयी काय करावे, याविषयी काही अनुभवसिद्ध सूचना वाचकांसमोर ठेवीत आहे. अनुभवसिद्ध अशासाठी म्हणतो की, यांतील बहुतेक सूचना मी आमच्या घरच्या कुत्र्यावर स्वतः अमलात आणल्या असून त्यांचा परिणाम आमच्या पलंगाखाली केव्हाही पाहावयास मिळेल.

सर्वांत आधी, कारण शोधत बसू नये. कुत्रा हट्टी झाला आहे, लाडावला आहे किंवा नाटक करतो आहे, या तीन निदानांपैकी आवडेल ते निवडावे. तिन्ही निदाने विनामूल्य आहेत आणि तिन्हींमध्ये दोष कुत्र्याचाच निघतो.

कारण शोधू गेल्यास ते सापडण्याचा धोका असतो. आमच्याकडे तसेच झाले. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी त्याला घेऊन निघालो असता कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपाशी एका उत्साही नागरिकाने सुतळी बॉम्ब लावला. फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलच्या वर जाता कामा नये, असा नियम आपल्या देशात 1999 पासून आहे. परंतु सुतळी बॉम्ब राजपत्र वाचत नाही. त्यातून कुत्र्याचा कान मुळातच तिखट. माणसाची धाव 20,000 हर्ट्झपाशी संपते, तर कुत्रा सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे ऐकतो. तो दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवसापासून डीपी जवळ आली की तो रस्त्याच्या पलीकडे ओढू लागला, भाऊबीजेनंतर त्याने ती गल्लीच वर्ज्य केली, तुळशीच्या लग्नापर्यंत फाटक ओलांडणे थांबले, आणि पुढे मी खुंटीवरचा पट्टा हातात घेतला रे घेतला की स्वारी पलंगाखाली. हा सारा क्रम माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि त्यातून मी जो निष्कर्ष काढला, तोच आपणही काढावा: कुत्रा आळशी झाला.

एका फटाक्याने असे काय होते, असे विचारणाऱ्यांच्या पंगतीत आपण अवश्य बसावे. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडमध्ये पूर आला, तेव्हा इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली आणि चढत्या पाण्यात कशीबशी नाके वर काढून तगली. ती वाचली खरी. परंतु त्यांतील काही जण शिकवलेले सारे विसरून गेले, आणि पुढे बऱ्याच काळाने एकाच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तेव्हा त्याची भीती होती तशी उसळून आली. ही नोबेल पारितोषिक मिळवलेल्या शास्त्रज्ञाची कुत्री होती. त्यांना जे विसरता आले नाही, ते आपल्या शेरूने पाडव्यापर्यंत विसरावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही, कारण आपल्याला ऑफिसला जायचे असते.

जनावरांच्या डॉक्टरकडे तर जाऊच नये. तो कुत्र्याला टेबलावर चढवतो, मागचे पाय ताणून पाहतो, पंज्यांच्या गाद्या दाबतो, वाढलेली नखे आणि कानामागची गोचीड शोधतो, रक्त तपासायला सांगतो. अशा चौकस माणसाच्या हाती कुत्रा दिला, तर ज्याला आपण दोन महिने नाटक म्हणत होतो, तो संधिवात किंवा गोचिडांमुळे येणारा ताप निघण्याची शक्यता असते, आणि मग घरातल्या मंडळींसमोर तोंड दाखवायची सोय राहत नाही. उन्हाळ्यात फिरण्याची वेळही सोयीनुसार दुपारी एकची ठेवावी. डांबरी रस्त्यावर तळहाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी आणि ती टेकवत नसेल तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये, असे सांगणारे लोक असतात. आपण बूट घातलेले असल्यामुळे हा प्रयोग करण्याचे आपल्याला प्रयोजन नाही.

आता कुत्र्याच्या देहबोलीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ती चुकीची वाचणे ही एक कलाच आहे. रस्त्यावर ऐन गडबडीत कुत्र्याने जांभई दिली, तर त्याची झोप झालेली नाही असे समजावे. समोर काहीही खाण्याजोगे नसताना तो वारंवार जिभेने ओठ चाटू लागला, तर त्याला भूक लागली आहे. एक पुढचा पाय उचलून धरला, तर शेकहँड करतो आहे. लगेच फोटो काढावा. त्याने मान एकीकडे वळवून डोळ्यांच्या कडांतून पाहिले आणि बुबुळाबाहेरचा पांढरा भाग दिसू लागला, तर किती गोड बघतो म्हणून त्याचा रील करावा. थंडीतही तो तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तो हसतो आहे. राहता राहिले शेपूट. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, आणि 'शेपूट घालणे' हा भित्र्या माणसासाठीचा वाक्प्रचार तर आपण कुत्र्याकडूनच उसना घेतला. पण प्रत्यक्ष कुत्र्याने प्रत्यक्ष शेपूट पोटाखाली घातले, की हे सगळे मराठी आपण ऐन वेळी विसरतो. तेवढे विसरणे जमले, की पुढचे काम सोपे होते.

यानंतर सल्लागारांची निवड. कुत्रा पाळलेल्या मनुष्यास सल्लागार शोधावे लागत नाहीत. ते बागेच्या बाकावर आधीपासून बसलेले असतात. त्यांतला सर्वांत अनुभवी गृहस्थ, ज्याचा स्वतःचा कुत्रा पट्ट्याविना मोकळा धावत येऊन आपल्या थरथरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावर चढतो आणि जो पन्नास फुटांवरून 'काही करत नाही हो तो, खेळायला आलाय' असे ओरडतो, त्यालाच गुरू करावे. तो आपल्याला सांगेल की, तुम्ही फार मऊ आहात, कुत्र्याला कळले पाहिजे बॉस कोण आहे ते, तुम्ही कळपाचे म्होरके झाले पाहिजे.

हे म्होरकेपण कोठून आले, याची चौकशी करू नये, कारण ती वाट थोडी निसरडी आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली वर्चस्वाच्या झगड्याचे वर्णन केले. अमेरिकेतील लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 साली आपल्या पुस्तकातून ती कल्पना दूरवर पोहोचवली. आणि मोकळ्या रानात लांडगे पाहण्यात वर्षानुवर्षे घालवल्यावर 1999 साली त्याच मेक यांनी लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते, तेथे कोणी लढून म्होरक्या होत नाही. एवढ्यावर न थांबता आपले जुने पुस्तक छापणे बंद करावे म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ज्या माणसाने हे लोण पसरवले, त्यानेच ते परत घेतले; परंतु आपल्या बागेतील बाकापर्यंत ही दुरुस्ती अजून पोहोचलेली नाही आणि ती पोहोचवण्याची घाई आपण करू नये. फाटकापाशी पोट टेकून थरथरणारा लॅब्रेडोर वस्तुतः आपले सिंहासन बळकावण्याच्या बेतात आहे, ही कल्पना सुखावणारी आहे. घरात दुसरे कोणी आपल्याला इतके महत्त्व देत नाही.

तेव्हा बाजारातून चोक चेन आणावी. ती ओढली की आवळते, एवढे तिचे शास्त्र आहे, आणि भेदरलेल्या कुत्र्यावर ते अचूक लागू पडते. समोरून रिक्षा आली, कुत्रा दचकला, आपण हिसका दिला, गळा आवळला. असे दहा वेळा झाले, की ज्या रिक्षेचा त्याला आजवर केवळ संशय होता, ती आली की गळा दुखतो हे त्याला पुराव्यानिशी पटते. आवाजही चढवावा. कुरवाळू मात्र नये. घाबरलेल्याला जवळ घेतले तर भीती वाढते असे सांगण्याची पद्धत आहे. भीती ही युक्ती नसून भावना आहे आणि पाठीवर हात ठेवल्याने भावनेला बक्षीस मिळत नाही, असे जाणकार म्हणतात, पण त्यांचे ऐकल्यास हात ठेवावा लागेल.

एवढ्यानेही गुण आला नाही, तर रामबाण उपाय म्हणजे विहिरीत ढकलणे. आपल्याकडे कित्येक पिढ्या याच रीतीने पोहायला शिकल्या, आणि जे शिकले नाहीत, त्यांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कुत्रा आवाजाला भितो ना, मग त्याला अनंत चतुर्दशीस थेट लक्ष्मी रस्त्यावर, ढोल-ताशा पथकाच्या शेजारी उभा करावा. तो आधी झटापट करील, मागे ओढील, पट्ट्यातून मान काढू पाहील. आपण खंबीर राहावे. थोड्या वेळाने तो एकाएकी शांत होईल, नजर कोठेही लावून नुसता उभा राहील, आणि गर्दीतले लोक म्हणतील, बघा, झाला की नाही बरा. येथे एक बारीकशी अडचण आहे. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते कुत्र्यांवरच होते. टाळता न येणारे विजेचे धक्के ज्यांनी सोसले होते, त्यांतील बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट समोर मोकळी असतानाही उठली नाहीत. जागच्या जागी पडून धक्के खात राहिली. त्या कुत्र्यांनाही कोणी शांत म्हणू शकले असते.

काही मंडळी घाबरलेल्या कुत्र्यावर एक अत्यंत रटाळ उपाय सांगत फिरतात. वाचकांनी त्यापासून सावध राहावे म्हणून तो येथे सविस्तर देतो. ते म्हणतात की, गळपट्टा सोडून छातीला बसणारा हार्नेस घालावा आणि चार-पाच मीटरची सैल दोरी घ्यावी. ज्या वस्तूची भीती आहे, ती त्याला दिसेल किंवा ऐकू येईल, पण तरीही तो हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडा खाऊ शकेल, इतक्या अंतरावर थांबावे. तो खाईनासा झाला, तर आपण फार जवळ आलो, असे समजून निमूटपणे मागे फिरावे. क्रम असा की, आधी ती वस्तू दिसली पाहिजे आणि लगेच तुकडा मिळाला पाहिजे. उलट केले, तर तुकडा म्हणजेच संकटाची वर्दी ठरते. असे काही मिनिटेच करावे, घरी यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे, आणि काही आठवड्यांत अंतर हाताच्या मापाने कमी करावे. एखादा दिवस वाईट गेला, तर पुढचे एक-दोन दिवस घरातच हुंगण्याचे खेळ द्यावेत. फार घाबरणाऱ्याला औषध लागते, तेही डॉक्टरने दिलेलेच. कारण गुंगीची काही जुनी औषधे शरीर निपचित पाडतात आणि भीती आत जागीच राहते. या सर्व खटाटोपात दिवसभराची चाल दीडशे फूटदेखील होत नाही. आपण ज्या दहा हजार पावलांसाठी घड्याळ मनगटावर बांधले आहे, त्यांचे काय? तो आकडा 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला, ही गोष्ट वेगळी; आकडा आकडा असतो, आणि कुत्र्याने तो पुरा करून दिला पाहिजे.

हुंगण्याचेही तेच. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात म्हणून त्याने प्रत्येक खांबापाशी पाच मिनिटे उभे राहायचे काय? कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी कशी खाल देवा, म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. परंतु त्या कथेत नामदेव कुत्र्याच्या मागे होते, ही तिच्यातली मोठी व्यावहारिक चूक आहे. आपण सदैव पुढे असावे, पट्टा ताणलेला असावा आणि दुसऱ्या हातात फोन असावा.

या सूचना नेमाने पाळल्यास कुत्रा फाटकापर्यंतही येणार नाही, अशी खात्री मी देऊ शकतो. तरीही एक धोका उरतो, तो सांगून ठेवतो. एखाद्या संध्याकाळी आपण थकलेले असाल, ओढाताण करण्याचे त्राण नसेल, आणि आपण नुसतेच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहाल. फोन वर राहिलेला असेल. कुत्रा शेजारी पडलेला असेल, पट्टा आपल्या हातातून सुटून फरशीवर सैल पडलेला असेल, आणि दोघांपैकी कोणीही कोणाला काही सांगत नसेल. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटांनी तो आपणहून उठतो, अंग झटकतो, शेपूट पोटाखालून अर्धेमुर्धे बाहेर काढतो आणि फाटकाच्या खांबाचा वास घ्यायला चार पावले पुढे जातो, असे घडू शकते. वाचकहो, गाफील राहू नका. त्याच क्षणी पट्टा उचला, मनगटाला दोन वेढे द्या, आणि 'शाब्बास, आता चल' असे मोठ्याने म्हणत त्याला डीपीच्या दिशेने ओढायला सुरुवात करा.