‘कॉलनीवाल्यांना काय अधिकार?’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

संभाजीनगरच्या जवळपास प्रत्येक कॉलनी ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरायलाय. ज्यांनी वाचला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलनीतल्या नागरिक समित्यांना झोन बदलात, म्हणजे जागेचा ठरलेला वापर बदलण्यात, आणि बांधकामात नाक खुपसायचा काहीच अधिकार नाही, ज्याची जागा त्याची मर्जी, मैदान-बागेसाठी जागेवर टाकलेलं आरक्षण दहा वर्षांनी आपोआप उठतं, महापालिकेत इंजिनिअर बसलेत त्यांना काय कळत नाही का, ह्या लोकांमुळंच घरं महाग झाली, आणि शेवटी हे सगळं सेटिंगसाठी चाललंय. खाली अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’. लोकं न वाचताच करायलेत.

मी पण अशाच एका समितीत आहे. समिती म्हणजे काय, आठ-दहा टाळकी, निम्मे रिटायर्ड, पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायच्या, गट नंबर शोधायचा, जागेवर जाऊन बघायचं आणि काही खटकलं तर हरकत लिहायची. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘समित्यांना कायद्यात स्थानच नाही.’

अर्धं खरं आहे. समिती परवानगी देत नाही, अडवत पण नाही, तिची सही कुठल्याच फायलीत लागत नाही, आणि कुणी ‘आमची एनओसी घ्या’ म्हणत दारात आलं तर त्याला खुशाल हाकलून लावा. पण एमआरटीपी म्हणजे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा उघडून बघा की. शहराचा विकास आराखडा तयार झाला की कलम २६ खाली तो जाहीर करावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यात नंतर छोटा फेरबदल करायचा असंल, म्हणजे मैदानाचं आरक्षण काढून रहिवासी करा, ग्रीन म्हणजे शेतीचा झोन यलो म्हणजे रहिवासी करा असलं काही, तर कलम ३७ ची नोटीस निघते आणि एक महिन्याच्या आत कुणीही हरकत देऊ शकतो. कुणीही म्हणजे कुणीही, त्या गल्लीत प्लॉट असायची पण गरज नाही. त्यानंतर प्रस्ताव मंजुरीला शासनाकडं जातो, निर्णय तिथंच होतो, आमच्या कट्ट्यावर होत नाही.

एक फरक मात्र मेसेजवाल्याला पण माहीत नाही आणि आमच्यातल्या काही उत्साही लोकांना पण माहीत नाही. साधी बांधकाम परवानगी, झोनमध्ये बसणारी, मार्जिन म्हणजे भोवतीची मोकळी जागा सोडलेली, पार्किंग दाखवलेली, तिच्यासाठी शेजाऱ्याला कुणी विचारत नाही आणि विचारायची गरज पण नाही. तुमच्यासमोर तीन मजली घर होऊन तुमची हवा अडायली, हे दुःख खरं असंल पण ती हरकत होत नाही. मंजूर नकाशा सोडून भलतंच बांधलं तरच तक्रार, आणि त्यासाठी कलम ५२-५३ आहेत, म्हणजे दंड आणि पाडायची नोटीस.

‘जागा त्याची, मर्जी त्याची.’

ह्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय कारण सगळा घोळ इथंच आहे. जागा त्याची हे मान्य. पण त्याचं सांडपाणी कुठं जाणार, त्याच्याकडं येणाऱ्या गाड्या कुठं लागणार, बोअर किती खोल घेणार, हे त्याच्या कंपाऊंडच्या आत राहत नाही ना. ज्या शहराला जायकवाडीतून पाणी येतं तरी नळाला रोज येत नाही, तिथं अरुंद रस्त्यावर मोठं मंगल कार्यालय किंवा हॉस्टेल टाकायचं आणि वरून ‘माझी जागा’ म्हणायचं, ह्याला काय अर्थ आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आठवतंय ना. पाऊस कमी पडला हे खरं, पण किती माणसं कुठं राहणार आणि त्यांना पाणी कुठून येणार हा हिशेब नगररचनेचाच असतो, तो काही इंद्रदेवाकडं नसतो.

त्यातून ओपन स्पेसचं घ्या. लेआउट चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असंल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, सध्याच्या एकत्रित नियमावलीत म्हणजे यूडीसीपीआरमध्ये तसं स्पष्ट आहे. ती जागा कुणी दान केलेली नसते, तिचे पैसे प्लॉटच्या भावातच लावलेले असतात, म्हणजे ते तुम्ही भरलेत. आणि मग काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. आधी पत्र्याचं शेड येतं, ‘कार्यक्रमाला सावली पाहिजे’ म्हणून. मग फरशी. मग कुलूप. मग लग्नाला भाड्यानं. आणि एक दिवस रस्त्याच्या बाजूनं चार शटर निघतात आणि लहान पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायला लागतात, मग तेच लोकं ग्रुपवर लिहितात की पोरांमुळं गाडीची काच फुटली. प्रत्येक पायरीला कुणीतरी ‘जाऊ द्या ना, कशाला वाईट व्हायचं’ म्हणलेलं असतं. समितीचं काम त्या पहिल्या पत्र्याच्या वेळीच लेखी देणं, बास.

आणि कोर्टात हे टिकत नाही असं वाटत असंल तर बंगळुरूचं प्रकरण बघा, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. पार्कसाठी राखलेली जागा खाजगी हॉस्पिटलला दिली होती, आजूबाजूच्या रहिवाशांनी आव्हान दिलं, आणि सुप्रीम कोर्टानं १९९१ ला सांगितलं की ह्या रहिवाशांना कोर्टात यायचा अधिकार आहे आणि पार्क असं वळवता येत नाही. तिकडं हॉस्पिटल होतं बरं का, दारूचं दुकान नव्हतं. नोएडाचे बेकायदा ठरलेले ट्विन टॉवर तर सगळ्यांनी टीव्हीवर पडताना बघितले, २८ ऑगस्ट २०२२. ती केस लढली कुणी? शेजारच्या सोसायटीतल्या रहिवाशांच्या संघटनेनं.

‘आरक्षण दहा वर्षांनी आपोआप उठतं.’

नाही उठत. एमआरटीपीचं कलम १२७ नीट वाचा. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकानं कागदपत्रं जोडून खरेदीची नोटीस द्यायची, त्यानंतर महापालिकेला २४ महिने मिळतात, तेवढ्यात पण काही हालचाल झाली नाही तर मग आरक्षण रद्द झालं असं धरतात. नोटीस दिलीच नाही तर पंधरा वर्षं झाली तरी ते नकाशावर तसंच. एजंट लोकं ‘साहेब मुदत संपलीय’ म्हणून आरक्षणातले प्लॉट पाडून विकतात, ते घेणाऱ्यानं सातबाऱ्याबरोबर महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवलीय त्याचे कागद, काढूनच बघावेत.

इथं शेतकऱ्याच्या बाजूनं एक बोलतो. ज्याची दोन एकर जमीन मैदानाच्या आरक्षणात अडकली, मैदान झालं नाही आणि पैसे पण मिळाले नाहीत, त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. अशा केसमध्ये आपण नुसतं ‘मैदान पाहिजे’ म्हणून बसणं बरोबर नाही, महापालिकेनं मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा ताब्यात घ्यावी हे पण त्याच पत्रात लिहायला पाहिजे. कागदावरच्या मैदानात पोरं खेळत नाहीत.

‘इंजिनिअर बसलेत, यांना काय कळतं.’

इंजिनिअरला नियम आमच्यापेक्षा जास्त कळतात, त्यात वादच नाही. पण कागदावर बारा मीटरचा रस्ता जागेवर सात मीटर उरलाय, आणि सपाट दिसणाऱ्या गटातून पावसाळ्यात नाला वाहतो, खाम किंवा सुखना नदीकडं जाणारा, हे तिथं राहणाऱ्या बाईला जेवढं माहीत असतं तेवढं टेबलावरच्या नकाशाला नसतं. कायद्यानं हरकतीचा टप्पा ठेवलाय तो उगं नाही.

‘२०२० नंतर नवीन नियमावली आली, आता कुठंही काहीही चालतं.’ 

उलट आहे. यूडीसीपीआर डिसेंबर २०२० ला आली, मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकच नियम झाले. झोन तसेच आहेत, रस्त्याची रुंदी पण तशीच बघतात. पुढं.

‘यांच्यामुळं घरं महाग झाली.’

हा मुद्दा थोडा डोकं शांत ठेवून घ्यायला पाहिजे. शहराला घरं लागतात, आणि प्रत्येक नवीन इमारतीला विरोध करणाऱ्या समित्या आहेत, हे खोटं नाही. पण आपल्या शहरात गरीब माणूस गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांत, गेला तो काय समितीच्या हरकतीमुळं गेला? मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडला नाही म्हणून एक गुंठा, म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, बाँडवर लिहून घेतला. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आला, मग २०२१ ला दुरुस्ती करून २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे आधी घर, मग वीस वर्षांनी ड्रेनेज, मग नियमितीकरणाचे पैसे. नियोजन न करणं पण फुकट पडत नाही, फक्त बिल उशिरा येतं आणि ते सगळ्यात गरीब माणसाकडून वसूल होतं.

आणि समित्यांना पण एक ऐकवतो. ‘इथं भाड्याचे पोरं येतील’, ‘अमक्या समाजाचे लोक येतील’, ‘वातावरण बिघडंल’, असलं लिहिलेले कागद मी बघितलेत. ही हरकतच नाही, हा दुसऱ्याला शेजारी नको म्हणायचा निर्लज्जपणा आहे, आणि असा एक कागद फायलीत लागला की आपल्या नाल्याच्या खऱ्या मुद्द्याला पण कुणी किंमत देत नाही. जागेचा वापर, रस्ता, पाणी, आग लागली तर बंब आत येईल का, एवढ्यावर बोला. कोण राहणार हा आपला विषय नाही.

‘सगळे सेटिंगसाठी करतात.’

काही जण करतात. हरकत टाकायची, बिल्डरला भेटायचं, हरकत मागं घ्यायची. पण त्याला उपाय समिती बंद करणं हा नाही. हरकत दिली की त्याच दिवशी ग्रुपवर टाकायची, मागं घेतली तर कामून घेतली ते पण टाकायचं, बिल्डरला भेटायचं असंल तर सगळ्यांसमोर भेटायचं. आमच्यावर विश्वास नसंल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कुणी कधी काय दिलं आणि काय मागं घेतलं सगळं फायलीत असतं. आणि बिल्डरचा प्रोजेक्ट रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या कायद्याच्या नोंदणीतला असंल तर मंजुरीचे कागद महारेराच्या साइटवर घरबसल्या बघता येतात, त्याला तर अर्ज पण लागत नाही.

हरकत लिहायची असंल तर वकील लागत नाही. साधा कागद, नोटिशीची तारीख, गट किंवा सर्व्हे नंबर, तुमचं नाव-पत्ता, काय अडचण आहे ते पाच-सहा ओळीत, जमलं तर जागेचा फोटो, आणि सुनावणीला बोलवा ही शेवटची ओळ. महिना संपायच्या आत आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणले तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.