खाऊ, भीती आणि तुमचा ‘छळ’ हा शब्द

नमस्कार,

रंगमंचावर काम करणाऱ्या कुत्र्यांना टाळ्यांची आणि ड्रमची सवय कशी लावावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘बाई, अर्धवट ज्ञानावर मुक्या जनावरांचा छळ थांबवा’ ही तुमची सुरुवात. मतभेद मला चालतात. पण ज्या बाईला तुम्ही तिच्या कुत्र्यांसोबत एकदाही पाहिलेलं नाही, तिच्यावर ‘छळ’ हा शब्द फेकण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. तो तुम्ही वाचलेला नाही, हे तुमच्या तिसऱ्याच ओळीत कळतं.

एक चूक मान्य. ‘दोन आठवड्यांत सवय होते’ असं मी लिहिलं होतं. इतकी ठाम मुदत कुणालाच देता येत नाही. वाक्य काढलं आहे.

आता तुमचं ते वाक्य: ‘घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ देणं म्हणजे भीतीलाच बक्षीस.’ हे मी एकोणीस वर्षं ऐकते आहे, आणि दर वेळी त्याची किंमत एखादं कुत्रं मोजतं. ‘बस’ म्हटल्यावर कुत्रं बसलं आणि खाऊ मिळाला, तर ते पुन्हा बसेल, कारण बसणं त्याच्या हातात आहे. घाबरणं नाही. टिकटिकीनंतर खाणं मिळत गेल्यावर, नुसती मेट्रोनोमची (ठेका मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक ऐकून रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते काही त्या कुत्र्यांनी ठरवून आणलेलं नव्हतं. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडाथोडा जवळ आणला. तुमच्या हिशेबानं त्या मुलाची भीती वाढायला हवी होती. ती गेली.

आणि पुस्तकं राहू द्या. माझी पहिली कुत्री चिमी पहिल्याच प्रयोगात टाळ्यांचा कडकडाट होताच शेपूट पायात घालून विंगेत पळाली. मला शिकवणारे गृहस्थ तुमच्याच मताचे होते. ‘लाड करू नकोस, आण ओढून.’ मी ओढून आणलं. त्यानंतर पाच महिने ती तालमीच्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडेना. दारातच बसायची, जीभ नाकावर फिरवत, जांभया देत. त्या जांभया झोपेच्या नव्हत्या, हे मला तेव्हा समजत नव्हतं. माझ्या हातून छळ झाला असेल तर तो तेव्हा, खाऊ न देता.

तिला परत आणलं ते खाऊनंच. लांबच्या खोलीत एकच माणूस, हातात लोकरीचे मोजे घालून एक टाळी. टाळी आधी, खाऊ लगेच नंतर. हा क्रम लेखात मी ठळक अक्षरांत दिला होता. पिशवीची सळसळ आधी झाली तर उलटंच होतं: खाऊ दिसला की आता आवाज येणार, असं कुत्रं शिकतं आणि खाऊलाच बिचकतं. आणि आवडीचा तुकडाही ते घेईना, तर आवाज फार मोठा किंवा फार जवळ आहे. तिथे थांबायचं, मागे यायचं. यात बक्षीस कुठे आलं आणि छळ कुठे, ते मला दाखवा.

टाळ्यांचं रेकॉर्डिंग खऱ्या आवाजासारखं नसतं, असं तुम्ही लिहिलंत. स्पीकरमधून खोल धडाडा आणि जमिनीची थरथर येत नाही, म्हणूनच शेवटचे टप्पे खऱ्या माणसांच्या टाळ्यांवर होतात. तेही लेखात आहे. कुत्र्यांना रंगमंचावर न्यावंच का, या तुमच्या लांबलचक परिच्छेदावर इथे बोलत नाही. ज्याला नको असतं, ते माझ्याकडे घरी राहतं. तेवढं पुरे.

रागात लिहिते आहे, पण तुमच्या शेवटच्या ओळीवर मी थांबले. तुमचा नऊ वर्षांचा कुत्रा आधी कशालाच घाबरत नव्हता आणि गेल्या वर्षापासून दार आपटलं तरी थरथरतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आधी पशुवैद्यांकडे न्या, सांधे आणि पाठ तपासायला सांगा. दचकल्यावर अंग आखडतं, आणि आधीच दुखणारा भाग जास्त दुखतो. मग आवाज म्हणजे दुखणं, अशी गाठ बसते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आवाजाच्या भीतीसोबत दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये ही भीती उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली दिसली. तपासणी होईपर्यंत त्याला कुठलाही आवाज मुद्दाम ऐकवू नका. तो थरथरताना तुमच्याजवळ आला तर त्याला जवळ घ्या. तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळवा.