काकांचा अंगठा

घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) करताना तांब्याची पाटी बारीक पॉलिशपेपरने घासली, ॲसिटोनने पुसली, की पुढे तिला फक्त कडांना धरायचं. शेजारच्या काकांना हे मी आधीच सांगितलं होतं. मी इस्त्रीकडे वळलो तेवढ्यात त्यांनी पाटीवर ठेवलेला सर्किटच्या छपाईचा कागद उचलला, "काय चकचकीत झालीय रे!" म्हणाले आणि पाटीच्या मधोमध अंगठा दाबून कागद होता तसा ठेवून दिला. हे त्यांनी मला सांगितलं नंतर, कौतुकाने.

त्याआधी छपाईवरून झालंच होतं.

"अक्षरं उलटी आलीत. प्रिंटर बिघडलाय तुझा."

"काका, कागदावर उलटी, म्हणजे तांब्यावर सुलटी."

"मग सरळ छापायचं आणि उलटं चिकटवायचं!"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे मागून."

टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची पूड, हे मुळात प्लॅस्टिक. ते वितळून तांब्याला चिकटतं, म्हणून लेझर प्रिंटरच लागतो. इंकजेटची शाई इथे कुचकामी. कागदाच्या मागून उष्णता मिळेल, टोनर नाही. हे समजावण्यात तापलेली इस्त्री वाट पाहत राहिली. (इस्त्री वाफेशिवाय, पूर्ण तापवून, तीन-चार मिनिटं दाबायची, कडांवर टोक फिरवायचं. मग पाटी गार होऊ द्यायची आणि कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा. ओढायचा नाही.)

कागद निघाला. अंगठ्याच्या जागी टोनर काही ठिकाणी गेलेला. तिथे पर्मनंट मार्करचे दोन हात दिले. खरा दगा दिला तो जिथे टोनर दिसत होता, पण बोटाच्या तेलावर नुसता टेकला होता तिथे. फेरिक क्लोराइड, म्हणजे टोनरने न झाकलेलं तांबं खाणारं द्रावण, त्याच्याखाली शिरलं आणि ग्राउंडचा ट्रॅक (तांब्याची रेघ) खाऊन मोकळं झालं. तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा. त्याला कितीसा वेळ लागणार? आता तिथे वायरचा तुकडा सोल्डर केलाय. चालतं. दिसतं मात्र.

द्रावण 40-50 अंशांवर असावं, म्हणून प्लॅस्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवून सतत हलवायचा. द्रावण थंड आणि निश्चल असलं तर तासभर लागतो, आणि तोवर बारीक ट्रॅक बाजूंनी पोखरले जातात. मोकळी जागा डिझाइनमध्येच तांब्याने भरून टाकली तर खायचं कमी उरतं, रसायन वाचतं. काकांनी ढवळायला स्टीलचा चमचा आणला. "स्टीलला काय होतंय?" होतं. क्लोराइड स्टेनलेसलाही खड्डे पाडतं.

"एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा विकत का नाही मागवत?"

लागलं ते. मागवलेल्या बोर्डाची भोकं आतून तांब्याने मढवलेली असतात, वर सोल्डर मास्क (संरक्षक लेप) असतो, माझ्याकडे भोकं पाडायला 0.8 मिलिमीटरचं कार्बाइड बिट आहे, जे हात जरा तिरका झाला की तुटतं. पण मला सर्किट आजच तपासायचं होतं.

"उरलेलं ओतू का बेसिनमध्ये?" म्हणत त्यांनी ट्रे उचललाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं, पाण्यातल्या जिवांना विषारी. शिवाय धातूचे पाइप सडतात. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून (फसफसतं) गाळ खाली बसवायचा आणि तो घातक कचऱ्यात द्यायचा. मी ट्रे धरला, त्यांनीही धरला. पिवळट तपकिरी शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"धुतल्यावर जाईल ना रे?"

"नाही."

डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. ते त्यांनी विचारलं नव्हतं.